‘दूध किती घालायचं?’ : यूट्यूब चॅनेल आणि बघणाऱ्याचं समाधान

इंदूरच्या राजेंद्रनगरला राहणारी माझी आत्या यूट्यूबवर स्वयंपाकाचं चॅनेल चालवते. म्हणजे रांधते ती, मोबाइल धरतो मी. एडिटिंगही माझ्याकडे आणि बोलणीही मलाच. सुरुवातीचे काही महिने तिचा रोजचा एकच प्रश्न असायचा, "काय रे, कोणी बघून राहिलं आहे का?" (इंदूरच्या मराठीत हे ‘राहिलं’ सगळीकडे येतं. पुण्याचे पाहुणे हसतात, आम्ही हसू देतो.) बघत होते ते बहुतेक नात्यातले. त्यातलेही अर्धे लिंक उघडायचे, अंगठा द्यायचे आणि दहा सेकंदांत बाहेर पडायचे.

आत्याने निदान करून टाकलं होतं. "त्या अल्गोरिदमची (कोणाला कोणता व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यूट्यूबची यंत्रणा) आपल्यावर वक्रदृष्टी आहे." सूर अगदी साडेसातीबद्दल बोलावं तसा. भिशीतल्या एकीने तिला सांगितलं की रोज एक व्हिडिओ टाकला तर तो प्रसन्न होतो. दुसरी म्हणाली, संध्याकाळी सातच्या ठोक्यालाच टाकायचा. तिसरीने तीस टॅगची (व्हिडिओला जोडायच्या शोधशब्दांची) यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली. व्रत, मुहूर्त आणि मंत्र असं सगळं साहित्य जमलं. महिनाभर केलं. आत्याची कंबर धरली आणि माझी झोप गेली, बाकी काही झालं नाही.

टॅगचं तर यूट्यूबच्या मदतपानांवरच लिहिलंय की व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. लोक एखाद्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवत असतील तर उपयोग. मग खरं काम कशाने होतं? हे कळायला मला वेळ लागला, आणि कळलं तेही सराफ्यात, पाहुण्यांना घेऊन फिरताना.

पाहुणा आणि यजमान

रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. समजा, तुमच्याकडे नागपूरचे मेहुणे आलेत आणि तुम्ही त्यांना तिथे नेलंत. अख्ख्या गल्लीत ठेलेच ठेले. ‘सगळ्यांत उत्तम ठेला कोणता’ हा विचार तुम्ही करतच नाही. मेहुण्यांना शुगर आहे, म्हणून जिलबी, मालपुवा, रबडी बाद. डिसेंबर आहे, म्हणजे गराडू (हिवाळ्यातला तळलेला कंद) आले असणार. मागच्या खेपेला भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस त्यांनी दोनदा मागून घेतला होता, तो ठेला नक्की. असं करता करता चार-पाच ठिकाणं उरतात. मग त्यांत आधी कुठे न्यायचं आणि नंतर कुठे, हे तुम्ही ठरवता.

यूट्यूब उघडल्यावर समोर जे पान येतं, ते साधारण असंच मांडलेलं असतं. २०१६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी एका शोधनिबंधात ही रचना जाहीरपणे सांगितली होती. पहिल्या टप्प्यात प्रचंड ढिगातून त्या एका माणसासाठी काहीशे व्हिडिओ वेगळे काढायचे, दुसऱ्या टप्प्यात त्यांना क्रम लावायचा. तुम्ही आधी काय बघितलं, तुमच्यासारखी आवड असलेल्यांनी काय बघितलं, ही सगळी माहिती त्यात वापरली जाते. म्हणून आत्याचं यूट्यूब आणि माझं यूट्यूब ही दोन वेगळी गावं आहेत.

यात कळीची गोष्ट ही की यजमान ठेलेवाल्याची बाजू घेत नाही आणि त्याच्याशी वैरही धरत नाही. त्याचं सगळं लक्ष पाहुण्याकडे. पाहुणा खूश झाला तर पुढच्या वेळीही त्याच्याबरोबर येईल, ‘तू म्हणशील तिथे जाऊ’ म्हणेल. ‘माझा व्हिडिओ यूट्यूब पुढे का ढकलत नाही’ या प्रश्नातच गोम आहे. तिथे कोणी ढकलायला बसलेलंच नाही. कोणी तरी फोन उघडतं, आणि त्या माणसाला काय आवडेल याचा अंदाज बांधून चार गोष्टी समोर मांडल्या जातात. आत्याचा व्हिडिओ त्या चारांत येतो की नाही, हे तो याआधी ज्यांच्यासमोर मांडला होता त्यांचं काय झालं यावर ठरतं.

पण पाहुणा खूश झाला, हे यंत्राला कळणार कसं? मेहुण्यांचा चेहरा आपल्याला दिसतो. यूट्यूबला फक्त बोटं दिसतात.

बोटांवरून मन ओळखणं

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला २३ एप्रिल २००५ ला: प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहिलेला एक तरुण, एकूण १९ सेकंद. त्यानंतरची काही वर्षं हिशेब सरळ होता, किती जणांनी क्लिक केलं ते मोजायचं. यातली पळवाट लोकांना लगेच सापडली. बाहेर चित्र एक, आत माल दुसरा. ठेल्याबाहेर पोरगं उभं करून ‘या या या’ ओरडायला लावायचं, आत थंडगार कचोरी. क्लिक मिळालं, माणूस चिडून गेला. हिशेबात मात्र गल्ला भरलेला.

२०१२ मध्ये यूट्यूबने मोजायचं माप बदललं आणि माणूस किती वेळ बघतो ते धरायला सुरुवात केली. हा बदल शिफारशींमध्ये आणताच व्ह्यूज लगोलग २० टक्क्यांनी घसरले, असं कंपनीने पुढे स्वतःच सांगितलं. म्हणजे त्या क्लिकांतली बरीचशी पोकळ होती. तोटा दिसत असूनही त्यांनी नवं माप ठेवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पण वेळ मोजण्यातही एक खोट आहे, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पंगतीत आग्रह करकरून वाढलेल्या पाहुण्याच्या पोटात चार जिलब्या जास्त जातात. तो तृप्त असतोच असं नाही. कधी तर घरी जाऊन सोडा पितो. व्हिडिओही असेच आग्रहाने वाढले जाऊ लागले. ‘शेवटपर्यंत बघा, शेवटी सांगतो’ म्हणत तीन मिनिटांची गोष्ट बारा मिनिटं ताणायची. माणूस बघतो, कारण अडकलेला असतो. उठताना मात्र म्हणतो, वेळ फुकट गेला.

यावर यूट्यूबने जो उपाय काढला तो जवळपास आजीच्या पद्धतीचा आहे: सरळ विचारायचं. बघितलेल्या एखाद्या व्हिडिओबद्दल अधूनमधून एक चिठ्ठी समोर येते आणि १ ते ५ तारे द्यायला सांगते. तुम्हालाही आली असेल, तुम्ही बहुधा ढकलून दिली असेल. कमी तारे दिले तर का, हेही विचारतात. जास्त दिले तरी विचारतात. ४ किंवा ५ तारे मिळालेला वेळच ‘मोलाचा वेळ’ म्हणून धरला जातो. हे त्यांनी २०२१ मध्ये खुलासेवार सांगितलं. चिठ्ठी भरणारे थोडेच असतात, म्हणून त्यांच्या उत्तरांवरून यंत्राला शिकवलं जातं की ज्यांना विचारलंच नाही त्यांनी काय उत्तर दिलं असतं. त्यासाठी बाकीच्या खुणा हाताशी असतात: लाइक, डिसलाइक, कोणाला पाठवला का, ‘यात रस नाही’ दाबलं का, ‘हे चॅनेल दाखवू नका’ म्हटलं का. अशा ८० अब्जांहून जास्त खुणांतून यंत्रणा शिकत असते, हा आकडाही त्याच खुलाशातला. (नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाइकचा आकडा बाहेर दिसत नाही. चॅनेलवाल्याला आत दिसतो. आत्याला मी तो दाखवत नाही.)

तर आत्याची साडेसाती ही एवढीच आहे: ‘हा माणूस हा व्हिडिओ बघून उठेल तेव्हा वेळ सार्थकी लागला म्हणेल का’ याचा एक सततचा अंदाज. चुकतोही. पण सतत शिकत असतो.

आणि इथे नव्या चॅनेलवाल्याची पंचाईत होते. समाधानाचा आकडा त्याला कुठेच दिसत नाही. यूट्यूब स्टुडिओ (चॅनेलवाल्याचं हिशेबाचं पान) उघडा, शंभर आलेख आहेत. ‘लोक किती तृप्त झाले’ असा एकही रकाना नाही. तो आपल्यालाच बाकीच्या खुणांवरून वाचावा लागतो. आम्ही तो पहिल्यांदा वाचला भुट्ट्याच्या किसावर.

किसाचा आलेख

कीस म्हणजे इंदूरची जिवाभावाची गोष्ट. कोवळी कणसं किसणीवर किसायची, तुपात मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, मग कीस परतून त्यात दूध, मीठ, चिमूटभर साखर, वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरं. आत्याच्या हातचा कीस खाऊन माणसं गप्प होतात. त्यामुळे हा व्हिडिओ चालणारच, अशी आमची दोघांची खात्री होती.

नऊ मिनिटांचा व्हिडिओ झाला. सुरुवातीला मी बनवलेला फिरता लोगो, वाजंत्रीसकट. मग राजवाड्याचं दृश्य. मग आत्या हात जोडून नमस्कार करते, आपल्या सासूबाई होळकरांच्या काळात कशा चुलीवर कीस करायच्या ते सांगते, लाइक करा म्हणते, सबस्क्राइब करा म्हणते, घंटी दाबा म्हणते, एकेक वाटी उचलून साहित्य दाखवते. पहिलं कणीस किसणीवर टेकतं तेव्हा तीन मिनिटं उलटलेली असतात.

स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक रेघ असते. डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट. रेघ जितकी वर तितके लोक त्या क्षणाला बघत आहेत. आमची रेघ बागेतल्या घसरगुंडीसारखी होती. लोगो संपेपर्यंतच मोठा गट गेला. राजवाड्यावर आणखी गेले (राजवाडा त्यांनी बघितलेला होता). सासूबाईंपाशी आणखी. ही रेघ आत्याला दाखवायची म्हणजे जिवावर आलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या सासूबाईंना कोणी बसूच दिलं नाही."

सासूबाईंची गोष्ट वाईट होती असं नाही. पण जो माणूस ‘भुट्ट्याचा कीस’ असं नाव वाचून आला, त्याच्या हातात कणीस आहे, गॅस पेटलेला आहे. त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे की तो बरोबर घरी आला. तेवढं कळलं की मग तो गोष्टही ऐकतो. पुढच्या वेळी आम्ही सासूबाईंना कीस परततानाच्या पाच मिनिटांत बसवलं, तिथे हाताला काम असतं आणि तोंड मोकळं. त्या वेळी कोणी उठून गेलं नाही.

या आलेखात एक चांगली जागाही होती, निदान मला ती चांगली वाटली. साधारण सहाव्या मिनिटाला घसरगुंडीवर अचानक एक उंचवटा. लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा बघत होते. मी उड्या मारल्या. उंचवटा म्हणजे लोकांना आवडलेली जागा, असं सगळीकडे सांगतात. मी तो तुकडा कापून पुढच्या व्हिडिओच्या सुरुवातीला लावायचं ठरवलंही होतं.

मग आत्याने कमेंट वाचल्या. पाच वेगवेगळ्या लोकांनी एकच विचारलं होतं, दूध किती घालायचं? मी तो तुकडा कान देऊन ऐकला. आत्या दूध ओतते, "साधारण एवढं" म्हणते, आणि नेमकी त्याच क्षणी शेजारच्या गॅसवर कुकरची शिट्टी होते. त्यात तिचं पुढचं वाक्य बुडून गेलं. लोक पुनःपुन्हा मागे जात होते ते आनंदाने नव्हे. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. तव्यावर कीस, हातात दुधाचं पातेलं, आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ मागे ओढणं. आलेखाच्या भाषेत हे ‘यश’. त्यांच्या स्वयंपाकघरात ती चिडचिड.

तेव्हापासून मी आलेख आणि कमेंट वेगवेगळे वाचत नाही. रेघ सांगते की कुठे काही घडलं. काय घडलं ते माणसं सांगतात. रेघ नुसती वाचली असती तर शिट्टी वाजते तो तुकडा आम्ही कौतुकाने सगळ्यांत वर लावला असता.

दुसऱ्या किसाच्या व्हिडिओत वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. देशी कणीस असेल तर दूध जास्त लागतं, स्वीट कॉर्नला स्वतःचंच पाणी सुटतं म्हणून बेताने घालायचं, हे पडद्यावर अक्षरांत लिहिलं. कुकर बंद. तो उंचवटा गेला आणि त्या जागी सपाट रेघ आली. सपाट रेघ दिसायला कंटाळवाणी असते, पण कोणी उठत नाही आणि कोणाला मागेही जावं लागत नाही, असा तिचा अर्थ. मला हल्ली तीच सगळ्यांत सुंदर वाटते.

मी केलेला चावटपणा

आता माझी चूक. दुसरा कीस टाकताना मी थंबनेलवर (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर) लिहिलं: ‘इंदूरचं हे रहस्य कोणी सांगणार नाही!’ आत्याचं तोंड आ वासलेलं, लाल बाण, पिवळी अक्षरं. क्लिक वाढले आणि मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या दिवसापासून यूट्यूबचं तो दाखवणं कमी होत गेलं. एका बाईंनी लिहिलं होतं, "कीस छान, पण यात रहस्य काय?" खरं तर काहीच नव्हतं. बाहेर मी एक वचन दिलं होतं आणि आत ते पाळायला कोणी हजर नव्हतं. आत्याने तर फक्त कीस केला होता.

थंबनेल आणि नाव म्हणजे वचन, व्हिडिओ म्हणजे ते पाळणं, आणि समाधान या दोहोंतल्या अंतरावर ठरतं. वचन मोठं केलं की क्लिक वाढतात आणि अंतरही वाढतं. फारच लहान ठेवलं तर कोणी येतच नाही. तोल साधायचा आहे, आणि तो जमलाय असं मी अजून छातीठोकपणे म्हणणार नाही.

क्लिकच्या टक्क्यावरून घाबरून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. व्हिडिओ समोर आलेल्या शंभरांपैकी किती जणांनी उघडला, हा दर जगातल्या निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा २ ते १० टक्क्यांच्या मधे असतो, असं यूट्यूबच सांगतं. शंभरातल्या नव्वदांनी न उघडणं ही रोजची गोष्ट आहे. शिवाय व्हिडिओ चालू लागला की हा दर बहुतेक वेळा घसरतो. आधी तो ओळखीच्यांना दिसतो, मग परक्यांना दिसायला लागतो, आणि परके कमी उघडतात. आत्या घाबरली होती की टक्का उतरला, म्हणजे संपलं. खरं तर त्याच दिवशी तो पहिल्यांदा राजेंद्रनगरच्या बाहेर पडला होता.

एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून कोणतं चांगलं ते यूट्यूबकडूनच तपासून घ्यायची सोय आता आहे. तिथे विजेता ठरतो तो क्लिकवर ठरत नाही. ज्या थंबनेलने आलेली माणसं जास्त वेळ बघतात, ते जिंकतं. माझ्या लाल बाणाला तिथे पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

बघणारा कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हतं

आमचा समज असा की इंदूरचा पदार्थ, तर बघणारे इंदूरचे. पण इंदूरच्या माणसाने कीस व्हिडिओत कशाला बघावा? त्याला हुक्की आली की तो स्कूटर काढतो आणि सराफ्यात जातो. कमेंट वाचत गेलो तसं दिसलं, बघणारे इथून गेलेले होते. ठाण्याची एक बाई लिहिते, लहानपण रामबागेत गेलं. कोणाचं माहेर लोकमान्यनगर. कोणी नोकरीसाठी गेला तो परत आलाच नाही. त्यांना आत्या ‘रेसिपी’ देत नव्हती, घर दाखवत होती. आणि त्यांची अडचणही वेगळी होती: ठाण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) मिळत नाही. आमच्या पोह्यांच्या व्हिडिओत आत्या सहज "वरून जिरावण भुरभुरा" म्हणून पुढे गेली होती. इंदुरी पोह्यांवर ते नसेल तर ते पोहे कसले! पण बघणाऱ्याचे पोहे तिथेच अडले.

म्हणून जिरावण घरी कसं करायचं, हा व्हिडिओ केला. धणे, जिरे, बडीशेप वेगवेगळी भाजायची, आमचूर आणि काळं मीठ शेवटी, मिक्सर थांबवून थांबवून फिरवायचा. त्यात राजवाडा नव्हता, ड्रोन नव्हता, आ वासलेलं तोंड नव्हतं. चॅनेलवरचा सगळ्यांत जास्त पाठवला गेलेला व्हिडिओ तोच ठरला. एकाने दुसऱ्याला मुद्दाम पाठवणं ही मला सगळ्यांत भरवशाची खूण वाटते. लाइक उपकारापोटीही दिला जातो. आपल्या बहिणीचा वेळ कोणी उपकारापोटी मागत नाही.

याचीच उलटी बाजू म्हणजे मधे आत्याला भजनी मंडळाचे आणि महेश्वरच्या सहलीचे व्हिडिओ टाकायची लहर आली. टाकले. शिक्षा वगैरे काही झाली नाही. एक व्हिडिओ पडला म्हणून चॅनेलला काळ्या यादीत टाकत नाहीत. पण जिरावणासाठी आलेल्या माणसासमोर दोनदा महेश्वरचा घाट आला, त्याने दोन्हीदा उघडला नाही, आणि मग हळूहळू पुढचं वाढणंच थांबलं. स्टुडिओत नवे बघणारे आणि परत येणारे वेगळे दाखवतात. त्या महिन्यात परत येणाऱ्यांची रेघ वाकली. घाटाचा व्हिडिओ वाईट नव्हता. अहिल्याबाईंच्या घाटावर वाईट व्हिडिओ काढणं तसं कठीणच. घाटासाठी वेगळं चॅनेल काढलं असतं तर ते कदाचित चाललंही असतं.

भाषेचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. चुलतभाऊ म्हणतो, हिंदीत कर, बघणारे पटींनी आहेत. बरोबर आहे, हिशेबाने बरोबर आहे. पण आत्या हिंदीत बोलली की बातम्या वाचल्यासारखी बोलते. मराठीत ती "अगं बाई, जरा थांब, जळेल ते" असं कॅमेऱ्याला म्हणते, आणि लोक त्यासाठी येतात. एकाच व्हिडिओला दुसऱ्या भाषेचा आवाज जोडायची सोय आता बऱ्याच चॅनेलांना मिळाली आहे; ते करून बघू. अर्धं हिंदी अर्धं मराठी मात्र नको, ते दोघांनाही उपरं वाटतं. आम्ही घरात तेच बोलतो, तो भाग वेगळा.

पैसे आणि बाकीचं

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज). हे ४००० तास लोकांना डोंगरासारखे वाटतात, म्हणून हिशेब मांडून बघा. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी दोन मिनिटं बघत असेल तर १ लाख २० हजार व्ह्यूज लागतील. सहा मिनिटं बघत असेल तर ४० हजारांत काम होतं. म्हणजे तिप्पट लोक गोळा करायचे की आलेल्यांना तिप्पट वेळ बसवायचं, हा प्रश्न आहे, आणि यातलं दुसरं आपल्या स्वयंपाकघरात बसून करता येतं. मात्र बसवायचं ते उपयोगी पडून. आठ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत मधे जाहिरात लावता येते, म्हणून साडेचार मिनिटांची चटणी खेचून साडेआठ करणारे आहेत. त्यांनी वरचा पंगतीचा परिच्छेद परत वाचावा.

‘तू मला कर, मी तुला करतो’ असे सबस्क्रायबर जमवू नका. नियमाच्या विरुद्ध आहे हे तर आहेच, पण ते लोक बघत नाहीत. आमच्या नात्यातल्या दहा सेकंदवाल्यांसारखीच ती गर्दी.

शॉर्ट्सबद्दल थोडक्यात. ती वेगळी पंगत आहे. तिथे माणूस नाव वाचून येत नाही, अंगठा सरकवत येतो, आणि पहिल्या दोन सेकंदांत थांबायचं की नाही ते ठरवतो. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू धरतात, म्हणून तिथले मोठे आकडे बघून हुरळू नका. किती जण थांबले आणि किती जण सरकवून गेले, तो आकडा बघा.

एक शंका मला अजून छळते. लोक समाधानी झाले म्हणजे सांगितलं ते खरं होतं, असं कुठे आहे? ‘अमुक काढा प्या, शुगर पळेल’ म्हणणाऱ्या व्हिडिओला पाच तारे देणारे आपल्या प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपमध्ये आहेत. चिठ्ठी तृप्ती विचारते, तथ्य विचारत नाही. आत्यालाही एकदा सुचवलं गेलं होतं की जिरावणाने पचन कसं सुधारतं त्यावर कर, धो धो चालेल. ती म्हणाली, "चवीला लागतं म्हणून घालतो. पचनाचं मला काय माहीत?" विषय संपला.

सध्या आमच्याकडे स्वीट कॉर्नच्या किसाचा तिसरा व्हिडिओ तयार होतोय, कारण दुधाचा प्रश्न सुटल्यावर लोक म्हणाले की साखर घालायची गरज आहे का, ते दाखवा. परवा शूटिंगला मी ट्रायपॉड लावला तर आत्याने आधी जाऊन शेजारणीला सांगितलं, अर्धा तास कुकर लावू नकोस. मग पदर खोचून येऊन उभी राहिली आणि लोगो सुरू व्हायच्या आत मला म्हणाली, "ते तुझं फिरतं चक्र आहे ना, ते काढ. बाई कणीस हातात घेऊन उभी आहे तिकडे."